निर्देशक आपले, वक्रता निसर्गाची : प्रस्तावना

व्यापक सापेक्षतेचा पेपर एम.एस्सी.ला येतो तेव्हा वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी असतात. गणित विभागातून आलेल्या विद्यार्थ्याला मॅनिफोल्डची व्याख्या तोंडपाठ असते. हाउसडॉर्फ अवकाश, अ‍ॅटलास, स्पर्शावकाश हे सगळे त्याने सिद्धतांसकट लिहून काढलेले असते. पण मनगटावरचे घड्याळ या सिद्धांतात नेमके काय मोजते, असे विचारले की तो गप्प होतो. भौतिकशास्त्र विभागातली विद्यार्थिनी इंडेक्स सफाईने वर-खाली करते, क्रिस्टोफेल चिन्हे भराभर काढते. पण टेन्सर म्हणजे काय, या प्रश्नावर ‘टेन्सरच्या नियमाने बदलतो तो टेन्सर’ एवढेच उत्तर तिच्याजवळ असते. दोघांचीही मेहनत खरी असते. प्रत्येकाकडे निम्मा विषय असतो आणि उरलेला निम्मा शेजारच्या इमारतीत शिकवला जातो. हे पुस्तक त्या दोघांना एका बाकावर बसवण्यासाठी लिहिले आहे.

हा विषय अवघड समजला जातो, आणि समीकरणांची लांबी पाहून तसे वाटणे साहजिक आहे. पण ती लांबलचक आकडेमोड आज संगणक क्षणात करून देतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला अडवतो तो एक प्रश्न, आणि पहिल्या तासापासून शोधनिबंधापर्यंत तो पाठ सोडत नाही: समीकरणात जे दिसते आहे ते निसर्गात आहे, की आपण निवडलेल्या निर्देशकांमुळे तसे दिसते आहे? गट नंबर बदलला म्हणून शेताचा उतार बदलत नाही, हे सातबारा हाताळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. अवकाश-कालाच्या बाबतीत मात्र उतार कोणता आणि गट नंबर कोणता, हे ओळखायला भल्याभल्यांना दशके लागली. खुद्द आइन्स्टाइन दोन वर्षे यात अडकून पडले. कृष्णविवराच्या क्षितिजाबद्दलचा गैरसमज चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. गुरुत्वीय लहरी खऱ्या आहेत की नाहीत, यावर १९५७ पर्यंत वाद चालू होता. तिन्ही प्रकरणांचे मूळ एकच आहे. म्हणून या पुस्तकातली प्रत्येक व्याख्या आणि प्रत्येक प्रमेय मी या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी लागणारे हत्यार म्हणून मांडले आहे.

सुरुवात घड्याळापासून करावी लागते. १९०८ साली कोलोनच्या व्याख्यानात हर्मान मिन्कोव्स्की यांनी विशेष सापेक्षतेला भूमितीचे रूप दिले. दोन घटनांमधले अंतर आणि दोन घटनांमधला काळ हे दोन्ही निरीक्षकागणिक बदलतात. पण प्रकाशाचा वेग एक मानून एकके जुळवली, तर काळाचा वर्ग वजा अंतराचा वर्ग ही राशी सगळ्यांना सारखीच मिळते. त्यातून निघणारी गोष्ट विद्यार्थ्याने मनात पक्की करून घ्यावी. सगळ्या विश्वासाठी सामाईक अशी वेळ घड्याळ मोजत नाही. अवकाश-कालातून ते स्वतः ज्या वाटेने गेले, त्या वाटेची लांबी ते मोजते. वाटा वेगळ्या, म्हणून घड्याळांची मोजणी वेगळी. जीपीएसच्या उपग्रहांवर हे रोज घडते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे घड्याळ गुरुत्वातल्या फरकामुळे जमिनीवरच्या घड्याळाच्या तुलनेत दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. गोळाबेरीज ३८ मायक्रोसेकंद पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. म्हणून उपग्रह वर पाठवण्याआधीच त्यांच्या घड्याळांची गती तेवढी कमी करून ठेवलेली असते.

मग गुरुत्वाकर्षण. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करत असताना आइन्स्टाइन यांच्या ध्यानात आले की मोकळेपणी खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही. म्हणजे एखाद्या बिंदूपाशी, थोड्या वेळापुरते, योग्य निर्देशक निवडून गुरुत्वाकर्षण पुसून टाकता येते. पुसता न येणारे असे काय उरते? पृथ्वीच्या दिशेने शेजारी-शेजारी पडणारे दोन दगड घ्या. दोघेही केंद्राकडे निघालेले असल्याने त्यांच्यातले आडवे अंतर हळूहळू कमी होते. एकाखाली एक पडणाऱ्या दगडांमधले अंतर मात्र वाढत जाते, कारण खालच्याला ओढ थोडी जास्त असते. ही ताणाताण कोणत्याही निर्देशकांनी नाहीशी होत नाही. समुद्राची भरती-ओहोटी तिच्यामुळेच येते. शेजारच्या दोन मुक्त कणांचे हे सापेक्ष त्वरण म्हणजेच अवकाश-कालाची वक्रता. इथे पहिली वाटणी होते: क्रिस्टोफेल चिन्हे एका बाजूला, रीमान टेन्सर दुसऱ्या बाजूला. क्रिस्टोफेल चिन्हे कोणत्याही एका बिंदूपाशी शून्य करता येतात, रीमान टेन्सर करता येत नाही. ही वाटणी ज्याला उमगली, त्याला पुढची सगळी प्रकरणे एका सूत्रात ओवलेली दिसतील.

या वाटणीचे गणित भौतिकशास्त्राला गरज पडण्याच्या कितीतरी आधी तयार झाले होते. हॅनोव्हरच्या भूमापनात कित्येक वर्षे घालवलेल्या गाउस यांनी १८२७ साली दाखवून दिले की पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागावरच अंतरे मोजून काढता येते. बाहेर उभे राहून पाहावे लागत नाही. कागदाची सुरळी केली तरी कागदावरची अंतरे बदलत नाहीत, म्हणून सुरळीची वक्रता शून्यच राहते. गोलाची शून्य नसते, आणि म्हणूनच पृथ्वीचा कोणताही सपाट नकाशा सगळी अंतरे खरी दाखवू शकत नाही. १० जून १८५४ रोजी ग्यॉटिंगेनमध्ये दिलेल्या व्याख्यानात बर्नहार्ड रीमान यांनी हीच कल्पना कितीही मितींच्या अवकाशांपर्यंत नेली. पुढे क्रिस्टोफेल यांनी १८६९ मध्ये, आणि रिची व त्यांचे शिष्य लेव्ही-चिव्हिता यांनी शतकाच्या अखेरीपर्यंत तिचे संपूर्ण कलन रचले. १९१२ साली झुरिकला परतलेल्या आइन्स्टाइन यांना या गणिताची वाट दाखवली ती त्यांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र आणि तिथलेच गणिताचे प्राध्यापक मार्सेल ग्रॉसमान यांनी. भौतिकशास्त्रानेही गणिताला परतफेड केली. आज आपण वक्रता ज्या समांतर स्थलांतरावरून शिकवतो, ती कल्पना लेव्ही-चिव्हिता यांनी मांडली १९१७ साली, म्हणजे आइन्स्टाइन यांची समीकरणे जगापुढे आल्यानंतर.

त्या गणितातले एक उदाहरण अगदी जवळून पाहू. गोलाच्या पृष्ठभागावर उत्तर ध्रुवापासून मोजलेला कोन थीटा आणि रेखांश फाय असे दोन निर्देशक घ्या. गोलाची त्रिज्या एक मानली, तर सूक्ष्म अंतराचा वर्ग काढताना थीटामधल्या फरकाचा वर्ग जसाच्या तसा घ्यायचा, आणि त्यात फायमधल्या फरकाचा वर्ग साइन-वर्ग थीटाने गुणून मिळवायचा. क्रिस्टोफेल चिन्हे काढायला बसलात, की शून्य नसलेली दोनच वेगळी चिन्हे हाती येतात; त्यांतले एक कॉट थीटा. आता थीटा शून्याकडे न्या. साइन थीटा शून्य होतो, मेट्रिकचा निश्चयक शून्य होतो, व्यस्त मेट्रिक आणि कॉट थीटा अनंताकडे जातात. नुसती सूत्रे पाहणाऱ्याला वाटेल की ध्रुवावर काहीतरी भयंकर घडते आहे. प्रत्यक्षात गोल विषुववृत्तावर जितका गुळगुळीत आहे तितकाच ध्रुवावरही आहे. बिघडले आहेत ते रेखांश. ध्रुवावर सगळे रेखांश एकवटतात, त्यामुळे तिथला रेखांश किती, या प्रश्नालाच अर्थ उरत नाही.

हे सिद्ध करायचे कसे? वक्रता काढून. ती सगळीकडे एकच येते, ध्रुवापाशीही एकच. पडताळाही घेता येतो. ध्रुवावरून एक बाण घेऊन विषुववृत्तापर्यंत उतरा, विषुववृत्तावरून पाव फेरी चाला आणि दुसऱ्या रेखांशावरून परत ध्रुवावर या. वाटेत बाण आपणहून कुठेही वळवायचा नाही. तरीही परत आल्यावर तो निघतानाच्या दिशेशी ९० अंशांचा कोन करून उभा असतो. या त्रिकोणाने गोलाचा आठवा हिस्सा व्यापलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ पाय भागिले दोन. वक्रता एक, म्हणून बाणाचे वळणही पाय भागिले दोन, नेमके ९० अंश. एकीकडे अनंताला गेलेले कॉट थीटा, दुसरीकडे ठाम उभे असलेले ९० अंश. पहिले आपण आणलेले, दुसरे गोलाचे स्वतःचे. हे उदाहरण वहीत स्वतःच्या हाताने सोडवल्याशिवाय कोणीही तिसऱ्या प्रकरणाकडे वळू नये, असा माझा आग्रह आहे.

दोन मितींत इतकी स्वच्छ दिसणारी गोष्ट चार मितींत आइन्स्टाइन यांना दोन वर्षे दिसली नाही. १९१३ मध्ये ग्रॉसमान यांच्यासोबत काम करताना ते अंतिम समीकरणांच्या अगदी जवळ पोचले होते, आणि तिथून मागे फिरले. मागे फिरण्याला पुढे जोड मिळाली ती एका युक्तिवादाची. समजा अवकाश-कालात द्रव्य नसलेली एक पोकळी आहे. बाहेर सगळे तसेच ठेवून फक्त पोकळीच्या आत निर्देशक बदलले, तर निर्देशकांच्या त्याच मूल्यांपाशी मेट्रिकची वेगळी मूल्ये मिळतात. समीकरणे सगळ्या निर्देशकांत सारखीच लागू असतील तर दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. मग द्रव्याची मांडणी दिली असता गुरुत्वक्षेत्र एकमेव ठरणार कसे? १९१५ च्या अखेरीस या पेचाची उकल त्यांना सापडली: ती दोन उत्तरे मुळात दोन नाहीतच. रिकाम्या बिंदूला स्वतःची ओळख नसते. दोन कण एकमेकांना भेटले, किरण पडद्यावर पडला, काटा अमुक खुणेवर आला, अशा भेटी तेवढ्या निसर्गाच्या. त्यांना दिलेले क्रमांक आपले.

त्या नोव्हेंबरात ४, ११, १८ आणि २५ तारखेला त्यांनी प्रशियन अकादमीपुढे चार निबंध सादर केले. १८ तारखेच्या निबंधात बुधाच्या कक्षेचे जुने कोडे सुटले: शतकाला ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या ऐंशीव्या भागाच्या आसपास असलेले ते वळण, कोणताही आकडा हाताने न घालता समीकरणांतून बाहेर आले. २५ तारखेला समीकरणे पूर्ण झाली. ती संख्येने दहा आहेत, आणि मेट्रिकचे घटकही दहा. मात्र बियांकी नित्यसमानतेमुळे त्या समीकरणांत आपसात चार नाती आधीपासूनच आहेत, म्हणून खरी स्वतंत्र समीकरणे सहाच. विद्यार्थ्याला वाटते, चार कमी पडली. कमी पडलेली नाहीत. निर्देशक चार आहेत, ते निवडायची मोकळीक आपली आहे, आणि समीकरणे त्या मोकळिकीला हात लावत नाहीत. ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेचे स्थानिक रूपही त्याच चार नात्यांतून बाहेर येते. हा हिशेब मी एका संपूर्ण प्रकरणात सावकाश मांडला आहे. माझ्या मते पदव्युत्तर अभ्यासक्रमातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे.

समीकरणे जाहीर होऊन महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात पहिल्या महायुद्धाच्या रशियन आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड यांनी गोल वस्तुमानाबाहेरच्या क्षेत्राचे अचूक उत्तर आइन्स्टाइन यांना कळवले. पुढच्याच मे महिन्यात, १९१६ साली, ते वारले. आज पाठ्यपुस्तकांत हे उत्तर ज्या रूपात छापतात, त्यात एका ठरावीक त्रिज्येवर एक घटक शून्य होतो आणि दुसरा अनंत होतो. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ही त्रिज्या सुमारे तीन किलोमीटर. तिथे अवकाश-काल संपतो, असे अनेक जण धरून चालले. एडिंग्टन यांनी १९२४ मध्ये वेगळे निर्देशक वापरले होते, लमॅत्र यांनी १९३३ मध्ये हा दोष निर्देशकांचा असल्याचे स्पष्ट म्हटले होते. पण ती गोष्ट सगळ्यांच्या गळी उतरली फिंकेलस्टाइन यांचा १९५८ चा आणि क्रुस्कल व सेकेरेश यांचे १९६० चे निबंध आल्यावर. गोलावरचा ध्रुव आठवणारा विद्यार्थी इथे लगेच वक्रता काढायला घेईल. रीमान टेन्सरचा स्वतःशीच गुणाकार करून मिळणारी अदिश राशी वस्तुमानाच्या वर्गाला त्रिज्येच्या सहाव्या घाताने भागून येते. त्या गाजलेल्या त्रिज्येवर, म्हणजेच क्षितिजावर, ती सांत आहे, आणि वस्तुमान जितके मोठे तितकी तिथे कमीच. अनंत होते ती फक्त केंद्राशी. दुरून विश्रांतीतून पडत आलेल्या माणसाच्या घड्याळाप्रमाणे क्षितिजापासून केंद्रापर्यंतच्या प्रवासाला मर्यादितच वेळ लागतो. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरात तो साडेसहा मायक्रोसेकंदांच्या आसपास भरतो. क्षितिज खरे आहे, पण ते एकेरी वाट म्हणून खरे आहे. भिंत उभी केली होती ती निर्देशकांनी.

गुरुत्वीय लहरींची कथा याहून बोलकी आहे. १९२२ साली एडिंग्टन यांनी दाखवले की समीकरणांतून मिळणाऱ्या काही लहरी म्हणजे निव्वळ निर्देशकांतली चुळबुळ. त्यांचा वेग आपण निवडू तो. मग उरलेल्या तरी खऱ्या कशावरून? १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी अशा लहरी अस्तित्वातच नाहीत असा निष्कर्ष काढणारा निबंध फिजिकल रिव्ह्यूकडे पाठवला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. निबंधात अनंताला जाणाऱ्या ज्या राशींवर भर होता, तो दोष निर्देशकांचा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढच्या वर्षी तो निबंध बदललेल्या निष्कर्षासह दुसऱ्या नियतकालिकात आला. वाद निवळायला आणखी वीस वर्षे गेली. १९५६ मध्ये फेलिक्स पिरानी यांनी सांगितले की मेट्रिककडे पाहू नका, शेजारच्या दोन मुक्त कणांचे सापेक्ष त्वरण पाहा, कारण मोजता येते ते तेच. १९५७ च्या जानेवारीत चॅपल हिल येथील परिषदेत फाइनमन यांनी काठीवर ओवलेल्या मण्यांचा युक्तिवाद मांडला: लहर आली की मणी काठीवर घासतील, घर्षणाने काठी तापेल, आणि उष्णता ही काही निर्देशक बदलून घालवता येणारी गोष्ट नव्हे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या दोन्ही शोधक यंत्रांनी सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची खूण टिपली. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी होता. इथे विद्यार्थी हमखास विचारतात: लहर आली तेव्हा बाहूंच्या टोकांचे आरसे हलले का? निर्देशकांच्या एका सोयीच्या निवडीत आरशांचे निर्देशक जराही बदलत नाहीत, बदलते ते मेट्रिक. दुसऱ्या निवडीत आरसे चक्क पुढे-मागे होतात. प्रकाशाला जाऊन परत यायला लागलेल्या वेळांतला फरक दोन्ही हिशेबांत तंतोतंत सारखा येतो, आणि उपकरण मोजते ते तेवढेच. हे दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडून एकच उत्तर येईपर्यंत करणे हा या पुस्तकातला मी सगळ्यात महत्त्वाचा मानलेला स्वाध्याय आहे.

या इतिहासात भारतीयांचा वाटा मोठा आहे, आणि तोही नेमका याच प्रश्नाशी जोडलेला. कोल्हापूरला जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते. त्यांच्याकडे काम करायला गेलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये किरणोत्सर्ग करत वस्तुमान गमावणाऱ्या ताऱ्याबाहेरचे मेट्रिक काढले. श्वार्झशिल्ड यांच्या निर्देशकांत ते गुंतागुंतीचे दिसत होते. १९५३ साली वैद्य यांनी बाहेर पडणाऱ्या प्रकाशकिरणांना साजेसा काळ-निर्देशक निवडला आणि तेच मेट्रिक एका सुटसुटीत ओळीत बसले. कोलकात्यात अमल कुमार रायचौधुरी यांना पडलेला प्रश्न असा होता की विश्वाच्या आरंभी येणारी अनंतता ही आपण गृहीत धरलेल्या नीटनेटक्या सममितीची करणी तर नव्हे? १९५५ च्या निबंधात त्यांनी सममिती बाजूला ठेवून कणांच्या जुडग्याचे प्रसरण, विरूपण आणि परिवलन यांचे समीकरण लिहिले. गुरुत्वाकर्षण जुडगे आवळत नेते, हे त्यातून कोणत्याही खास निर्देशकांविना दिसते. पेनरोझ यांच्या १९६५ च्या आणि पुढे हॉकिंग यांच्या प्रमेयांना आधार मिळाला तो या समीकरणाचा. सी. व्ही. विश्वेश्वर यांनी कृष्णविवराच्या स्थैर्याचा प्रश्न सोडवताना क्षितिजापाशी न बिघडणारे क्रुस्कल निर्देशक वापरले, आणि १९७० मध्ये धक्का बसलेले कृष्णविवर विरत जाणाऱ्या ठरावीक कंपनांनी शांत होते हे दाखवले. पुण्यात १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली. तिथे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी गोंगाटात दडलेली लहर अपेक्षित नमुन्यांशी ताडून शोधण्याच्या पद्धतीवर काम केले, तेव्हा लायगोची उभारणी व्हायची होती.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. विदर्भातल्या विद्यापीठांच्या गणित विभागांत, तसेच कोल्हापुरात, सापेक्षतेचे अध्यापन आणि संशोधन बरीच वर्षे चालू आहे. अचूक उत्तरे काढण्याची परंपरा इथे दांडगी आहे. तिच्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी एक सांगू इच्छितो: मेट्रिकचे एक रूप गृहीत धरायचे, समीकरणे सोडवायची आणि आलेख काढायचे, एवढ्यावर काम थांबू नये. मिळालेले उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराचे वेषांतर तर नाही, त्यातली अनंतता वक्रतेची आहे की निर्देशकांची, आणि त्यातली कोणती राशी कोणत्या उपकरणाने मोजता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावरच ते काम पूर्ण होते. त्यासाठी लागणारे गणित या पुस्तकात आहे.

पुस्तकाची रचना त्याच क्रमाने केली आहे. आधी रेषीय बीजगणित: सदिश, त्यांचे द्वैती अवकाश आणि बहुरेषीय फलने. टेन्सर म्हणजे सदिश घेऊन संख्या देणारे बहुरेषीय फलन, ही व्याख्या इथे येते आणि रूपांतराचा नियम तिच्यातून सिद्ध होतो. नंतर मिन्कोव्स्कींची भूमिती, मग पृष्ठभाग, मॅनिफोल्ड, सहचर विकलन, समांतर स्थलांतर, जिओडेसिक आणि वक्रता. चार मितींत रीमान टेन्सरचे २५६ घटक असतात; सममितींमुळे स्वतंत्र उरतात २०, आणि त्यांतले १० द्रव्यावरून थेट ठरतात तर १० रिकाम्या जागेतून प्रवास करू शकतात, हे समजले की लहरींची भीती जाते. त्यानंतर क्षेत्र समीकरणे दोन मार्गांनी येतात: न्यूटनच्या मर्यादेतून आणि क्रियेच्या तत्त्वातून. शेवटी श्वार्झशिल्ड, कृष्णविवरे, लहरी आणि विश्वरचना.

अभ्यास कसा करावा याबद्दल थोडे. एक समीकरण वाचून समजणे आणि ते कोऱ्या कागदावर उतरवता येणे यांत फार अंतर आहे, आणि या विषयात ते अंतर फक्त हाताने कापता येते. गोल, सुरळी आणि शंकू यांच्या वक्रता स्वतः काढा. मग दोन मितींतले ते मेट्रिक घ्या ज्यात काळाचा सहगुणक वजा एक्स-वर्ग आहे आणि अवकाशाचा एक. एक्स शून्य असताना ते बिघडलेले दिसते, पण वक्रता काढली की सगळीकडे शून्य येते: हा सपाट मिन्कोव्स्की अवकाश-कालच आहे, सतत त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या डोळ्यांनी पाहिलेला. ते ओळखणारे निर्देशक-रूपांतर शोधायला संध्याकाळ गेली तरी चालेल. श्वार्झशिल्ड मेट्रिकचा रिची टेन्सर किमान एकदा पूर्ण हाताने काढा. त्यानंतर सेजमॅथसारखे मोफत साधन खुशाल वापरा. तेव्हा ते तुमची बुद्धी झाकणार नाही, तिचा वेळ वाचवेल. बुधाच्या ४३ विकलाही स्वतः काढा. आइन्स्टाइन यांनी केलेला हिशेब आपल्या वहीत आपल्या अक्षरात पुन्हा बरोबर आलेला पाहणे, हा अनुभव कोणत्याही व्याख्यानाने देता येत नाही.

पारिभाषिक शब्दांत मी वर्गातली भाषा ठेवली आहे. शाळेपासून ओळखीचे असलेले निर्देशक, सदिश, निश्चयक तसेच आहेत. टेन्सर, मेट्रिक, मॅनिफोल्डही तसेच. हे पुस्तक घडले ते विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून, आणि त्या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया उभी राहणार आहे; केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार किलोमीटर बाहूंचे तिसरे लायगो मराठवाड्यात असेल, आणि ते चालवायला, त्याचे आकडे वाचायला, त्यांतून सिद्धांत तपासायला माणसे लागतील. त्यांतली काही आज नांदेड, परभणी, हिंगोलीच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला बसलेली असावीत, अशी माझी इच्छा आहे आणि तसे होणे पूर्णपणे शक्य आहे. त्यांना अफाट पाठांतर लागणार नाही. समोर आलेल्या प्रत्येक राशीला ‘तू माझ्या निवडीची की निसर्गाची?’ असे विचारण्याची सवय आणि उत्तर गणिताने काढण्याची तयारी लागेल. ती सवय लावणे हे या पुस्तकाचे काम आहे. ते कितपत साधले, हे स्वाध्याय सोडवणाऱ्यांनीच मला कळवावे.